खलाशाची जुनी पत्रे कशी वाचावीत

वऱ्हाडातल्या घरात, कापसाच्या हिशेबवह्यांखाली, नौदलात गेलेल्या काकांची पत्रे सापडली, तर पाकिटे आधी जपावीत; कारण मजकुरात नसलेले पुष्कळ काही शिक्क्यावर असते. ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असा, म्हणजे नौदलाच्या टपाल कार्यालयाचा, पत्ता असल्यास जहाज नेमके कुठे आहे, हे पत्त्यावरून घरच्यांनाही कळत नसे. व्यापारी जहाजावरच्या पत्रावर ‘पाकबो’ (Paquebot) शिक्का असेल, तर ते जहाजावर टपालात पडून बंदरात उतरले, असे समजावे. एकाच पत्रात तीन तारखा आणि बदलती शाई दिसली, तर गोंधळू नये. बंदर येईपर्यंत लिहीतच राहावे लागे. ‘चार ते आठची पाळी’ म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी, दोनदा चार तासांचा पहारा. पऱ्हाटीला बोंडे धरली का, ही विचारणा मात्र मी सर्वांत आधी शोधतो. पत्रांना लॅमिनेशन करू नये.