लिपस्टिक पाम उन्हाळ्यात करपू नये म्हणून

लाल देठांचा लिपस्टिक पाम बघून लोक भाळतात आणि घरी आणून पश्चिमेच्या गॅलरीत ठेवतात, मग एप्रिलमधे पुण्याची कोरडी हवा सुरू झाली की पानांची टोकं करपतात आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. ऊन असतंच, पण खरा घोळ कोरड्या वाऱ्याचा. हे झाड मलेशिया, सुमात्रा, बोर्निओकडच्या दलदलीतलं, मुळं सतत ओली लागतात त्याला, त्यामुळे बाकी पामना कधीच करू नका ते इथे बिनधास्त करा, कुंडीखाली खोलगट ताटली ठेवून दोन बोटं पाणी कायम राहू द्या. डासांसाठी दर दोन-तीन दिवसांनी ओतून ताजं भरायचं.

सकाळचं ऊन चालतं, दुपारी निम्मं ऊन अडवणारी ५० टक्केवाली ग्रीन नेट. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर टोकं अजून जळतात, पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं शुद्ध पाणी द्या (आरओतून वाया जाणारं नाही हां, त्यात क्षार उलट जास्त!). करपलेलं टोक कापताना तपकिरी कड थोडी ठेवूनच कापा, हिरव्यात कात्री गेली की परत सुकतं.

दुबई, जोधपूरला कुणी असेल तर त्यांना मात्र हा पाम सुचवू नका, बिस्मार्किया नावाचा पाम सांगा, मादागास्करचा, चंदेरी-निळ्या पानांचा, भर उन्हात मस्त वाढतो. फक्त जमिनीत एकदा लावला की हलवायचा नाही, मुळं दुखावलेली त्याला अजिबात खपत नाहीत.