युद्धात बेपत्ता झालेल्या बॉम्बरचं आणि त्याच्या क्रूचं काय झालं, ते कसं शोधायचं

मी इंग्लंडमधल्या लिंकनजवळ राहतो. इथे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडची, म्हणजे आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) बॉम्बर विभागाची एअरफील्ड्स इतकी होती की आजही शेतातून चालताना मध्येच रनवेचा तुकडा लागतो. शेजारच्या आजींनी एकदा बिस्किटांच्या डब्यातून त्यांचे बॉम्बरवरचे मामा बेपत्ता झाल्याचा टेलिग्राम काढून दाखवला आणि तेव्हापासून मी यात अडकलोय. आत्तापर्यंत बऱ्याच क्रूंचा माग काढून झालाय, आणि नेटवर याबद्दल जे सल्ले फिरतात ते वाचून डोकं फिरतं म्हणून हे लिहितोय.

नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर घरच्यांना विचारून घ्या. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव टाका, तारीख, स्क्वाड्रन आणि कबर किंवा स्मारक मिळेल. बॉम्बर कमांडचा माणूस असेल तर लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या लॉसेस डेटाबेसमध्ये बाकीचा क्रूही मिळतो. अमेरिकन असेल तर मिसिंग एअर क्रू रिपोर्ट शोधा, त्यांचं काम सोपं आहे, बरंचसं एकाच रिपोर्टात असतं. इथवर अर्धा तास.

आता तारीख आणि विमान. इथेच सगळे आपटतात, मीही आपटलोय.

बॉम्बर कमांडची विमानं बहुतेक रात्री जायची. २९ तारखेला संध्याकाळी निघालेलं विमान मध्यरात्रीनंतर पडलं की ती ३० तारीख. म्हणून अशी रात्र २९/३० अशी लिहितात. पण स्क्वाड्रनच्या रेकॉर्डमध्ये निघाल्याची तारीख असू शकते, कबरीवर दुसऱ्या दिवसाची, आणि टेलिग्रामवर ऑफिसात ज्याला जे सुचलं ते. मी आजींच्या मामाची कबरीवरची तारीख घेऊन त्या रात्रीचं पान उघडलं, क्रू सापडेना, म्हणून स्क्वाड्रनच चुकीचं दिलंय असं ठरवून दुसऱ्या स्क्वाड्रनच्या फाइली चाळत बसलो, दोन महिने. उत्तर एक पान मागे होतं. म्हणून आधीची रात्र आणि नंतरची रात्र दोन्ही बघायच्याच, कंटाळा आला तरी.

हे पान म्हणजे लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या एअर २७ मालिकेतलं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक. त्यात दोन फॉर्म असतात. ५४० म्हणजे स्क्वाड्रनची डायरी, 'हवामान खराब, उड्डाण नाही' छापाची. तुम्हाला हवाय ५४१. त्यात प्रत्येक विमानाचा सिरीयल नंबर, क्रूची नावं, निघाल्याची वेळ आणि उतरल्याची वेळ असते. जे परत आलं नाही त्याच्यापुढे उतरल्याची वेळ कोरी आणि शेजारी एखादी ओळ, निघाल्यानंतर काही कळलं नाही, एवढीच. पहिल्यांदा तो कोरा रकाना बघितला की कसंतरी होतं.

आता विमान. 'फोटोत विमानावर अक्षर दिसतंय ना, त्यावरून शोधा' हा सल्ला देणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. अक्षर विमानाचं नसतं, स्क्वाड्रनमधल्या जागेचं असतं. विमान गेलं की तेच अक्षर नव्या विमानावर रंगवायचे. मी आजींना फोटो दाखवून 'हेच ते विमान' म्हणून मोकळा झालो होतो, नंतर कळलं की फोटोतलं विमान आधीच गेलेलं आणि मामा गेले ते त्याच अक्षराच्या दुसऱ्या विमानातून. परत जाऊन सांगावं लागलं, आजी काही बोलल्या नाहीत, चहा केला. सिरीयल नंबर, फक्त सिरीयल नंबर. आणि तोही क्लार्कने टाइप केलेला असतो, चुकतो, म्हणून लंडनमधल्या आरएएफ म्युझियममध्ये विमानाचं फॉर्म ७८ कार्ड (ते विमान कधी कुठे होतं याची नोंद) असतं त्याच्याशी ताडून बघा.

इथे अनुभवी लोकही चुकतात. हॉलंडच्या मार्करमेर तलावात २००८ मध्ये एका बोटीच्या नांगराला विमानाचा तुकडा लागला. ते स्टर्लिंग बॉम्बर आहे हे कळलं आणि ते बीके७१० या सिरीयल नंबरचं असावं असं ठरलं. मग अवशेषांतल्या एका सिगारेट केसवर जे.एम.सी. ही अक्षरं सापडली. बीके७१० च्या क्रूमध्ये या अक्षरांचं कोणी नव्हतं. जॉन मायकेल कॅम्पबेल होता तो बीके७१६ मध्ये, २१८ स्क्वाड्रनचं विमान, २९/३० मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवरून परतताना पडलेलं, आत सात जण. २०२० मध्ये ते बाहेर काढलं. मधल्या काळात चुकीच्या सात घरांना कोणी खात्रीने फोन केला असता तर? म्हणून माझा नियम, दोन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे जुळल्याशिवाय घरच्यांना अवाक्षर सांगायचं नाही.

विमान पक्कं झालं की क्रू. क्रूचं नशीब एकच असतं असं धरू नका, प्रत्येकाचं वेगळं शोधा. मे १९४३ मध्ये जर्मनीतल्या धरणांवर १९ लँकेस्टर बॉम्बर गेली, ८ परतली नाहीत, ५३ जण मेले, ३ कैदी झाले. त्यातल्या पायलट हॉपगुडच्या विमानातले फ्रेझर आणि बर्चर पॅराशूटने उतरून कैदी झाले, बाकी पाच गेले. दुसरा पायलट बायर्स, त्याचं विमान डच किनाऱ्याजवळ पडलं, फक्त मागच्या गनरचा देह मिळाला, तो हार्लिंगेनला पुरलाय, उरलेले सहा इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर, जिथे कबर माहीत नसलेल्यांची नावं कोरलीत. रनीमीडवर २०,००० च्या वर नावं आहेत आणि तिथे नाव म्हणजे माणूस समुद्रात गेला असं लोक लिहून मोकळे होतात. तसं नसतं. ओळख न पटलेल्या कबरीतही असू शकतो.

कबरीच्या जागेवरून विमान कुठे पडलं हेही ठरवू नका. युद्धानंतर जर्मनीतल्या गावोगावच्या कबरी उचलून राइखस्वाल्डसारख्या मोठ्या सिमेट्रीत नेल्या. आपल्या खडकीच्या वॉर सिमेट्रीचंही तसंच, पश्चिम आणि मध्य भारतातल्या ठिकठिकाणच्या कबरी तिथे आणल्यात, खडकीत दगड आहे म्हणजे माणूस पुण्यात गेला असं नाही. कमिशनच्या साइटवर नावाखाली जुन्या फॉर्मचे स्कॅन असतात, त्यात कबर आधी कुठे होती ते असतं.

शेवटची आणि खरी फाइल म्हणजे कॅज्युअल्टी फाइल, क्यूला एअर ८१ मध्ये. ही मालिका टप्प्याटप्प्याने खुली होते, तुमची नसेल तर रडत बसू नका, क्रूमध्ये कोणी ऑस्ट्रेलियन आहे का बघा. त्यांच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या ए७०५ मालिकेतल्या बऱ्याच फाइली नेटवर फुकट आहेत आणि एका ऑस्ट्रेलियन गनरच्या फाइलमध्ये सगळ्या क्रूची हकीकत निघते. मला दोनदा अशीच मिळाली. या फाइलींत मिसिंग रिसर्च अँड इन्क्वायरी सर्व्हिसचे, म्हणजे बेपत्ता माणसं शोधणाऱ्या आरएएफच्या विभागाचे रिपोर्ट असतात. ४१,००० च्या वर माणसं बेपत्ता होती, यांचे लोक गावोगाव फिरून साक्षी घ्यायचे, कबरी उघडायचे, शर्टावरच्या धोब्याच्या खुणेवरूनही ओळख पटवायचे.

आणि हेच लक्षात ठेवा, त्या रिपोर्टांत देहाचं वर्णन अगदी सरळ लिहिलेलं असतं. फाइल आली की आधी एकट्याने वाचा. स्कॅन तसेच्या तसे व्हॉट्सॲपवर ढकलू नका. मी आजींना एका पानावर लिहून दिलं, विमान कुठे पडलं, कोण कुठे पुरलंय, कोणी काय पाहिलं. पूर्ण फाइल माझ्याकडे आहे हेही सांगितलं. त्यांनी अजून मागितलेली नाही.