आय५-६४०० (झेड१७० बोर्ड): बीसीएलके १०३ च्या पुढे जात नव्हता, असा सुटला

इंटेलचा आय५-६४०० प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा होता, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा होता. त्यासाठी बीसीएलके वाढवावा लागतो: हा बोर्डाचा मूळ घड्याळ-वेग (मुळात १०० मेगाहर्ट्‌झ), त्याला मल्टिप्लायरने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो.

लक्षण: बीसीएलके १०३ च्या वर नेला की स्क्रीन काळी, पंखे मात्र चालू. व्होल्टेज वाढवलं, रॅम बदलून पाहिली, बायोस अगदी ताजा टाकला. काहीच फरक नाही. डोकं पार पिकलं.

खरी मेख त्या ताज्या बायोसमध्येच होती. २०१६ च्या सुरुवातीपासूनच्या मायक्रोकोडने (बायोससोबत येणारा प्रोसेसरचा आतला कोड) नावात 'के' नसलेल्या, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगसाठी न बनवलेल्या स्कायलेक पिढीच्या प्रोसेसरचं हे दार बंद केलंय.

आधी ग्राफिक्स कार्ड बसवून मॉनिटर त्यालाच जोडा, कारण आतलं ग्राफिक्स बंद पडतं. मग नेमक्या आपल्याच बोर्डाच्या मॉडेलचा 'नॉन-के' बायोस (हे बंधन नसलेला जुना बायोस) फॅट३२ पेनड्राइव्हवर घ्या, बायोसमधल्याच फ्लॅश सोयीने टाका आणि सीमॉस क्लिअर करा (बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणा). त्यानंतर बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स, टर्बो, स्पीडस्टेप, सी-स्टेट्स (आपोआप वेग बदलणाऱ्या आणि वीज वाचवणाऱ्या सोयी) बंद. मल्टिप्लायर २७. रॅमचा रेशो खाली आणाच: २१३३ वर ठेवलेली रॅम १५० बीसीएलकेला ३२०० वर धावते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. बीसीएलके १२५ पासून पाच-पाचने चढवा, दर टप्प्याला स्ट्रेस टेस्ट. माझा १५० वर, १.३० व्होल्टला स्थिर आहे, म्हणजे २.७ ऐवजी ४.०५ गिगाहर्ट्‌झ.

कोअरचं तापमान आता चुकीचं दिसेल, पॅकेजचा (अख्ख्या चिपचा) आकडा बघा. एव्हीएक्सचा (जड आकडेमोडीसाठीच्या प्रोसेसरच्या खास आज्ञांचा) वेग खूप पडतो, त्यामुळे व्हिडिओ एन्कोडिंग करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. या जुन्या बायोसमध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीविरोधातलं २०१८ चं मायक्रोकोडही नसतं. केबी लेक (पुढच्या पिढीचा प्रोसेसर) बसवायचा झाल्यास पुन्हा नवा बायोस लागेल.