व्हेंटिलेटरवरचं अकाली बाळ: ह्युमिडिफायर आणि पाण्याचा हिशेब, या चुका टाळा

ह्युमिडिफायरवर (श्वासाची हवा गरम आणि दमट करणारं यंत्र) नेहमीचा आकडा दिसतोय म्हणजे बाळाला पुरेशी वाफ मिळतेय, हा एनआयसीयूतला (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) सर्वांत महागात पडणारा समज. डिस्प्ले तापमान दाखवतो, पाणी नाही. ३७ अंशांना संपृक्त झालेल्या (वाफेने पूर्ण भरलेल्या) गॅसमध्ये लिटरमागे ४४ मिलिग्रॅम पाणी असतं, ३१ अंशांना फक्त ३२. ह्युमिडिफायरच्या पाण्याच्या चेंबरमध्ये गॅस ३१ अंशांवर भिजला आणि पुढे नळीतल्या हीटर वायरने तापला, तर आकडा वाढतो, पाणी तेवढंच राहतं. कमी पडलेले १२ मिलिग्रॅम बाळाच्या श्वासनलिकेतून जातात.

हे बहुतेक वेळा मोडमुळे होतं. सीपॅपवरच्या (ट्यूबशिवाय, नाकावाटे दाबाने हवा) बाळाला पुन्हा श्वासनलिकेत ट्यूब टाकली, सर्किट (नळ्यांचा संच) बदललं, पण ह्युमिडिफायर मास्क मोडवरच, म्हणजे कमी तापमानाच्या सेटिंगवरच, राहिला. ट्यूब असताना इन्व्हेजिव्ह मोड हवा: चेंबरपाशी ३७, प्रोबपाशी (नळीच्या बाळाकडच्या टोकाचा तापमान सेन्सर) साधारण ४०. ते जास्तीचे तीन अंश वाटेत पाणी साचू नये म्हणून असतात. वाय-पीसपर्यंत (ट्यूबला जोडणारा तुकडा) गॅस ३७ च्या आसपास येतो.

दुसरं कारण प्रोब. रेडियंट वॉर्मरखाली उघडा ठेवलेला प्रोब वरूनच तापतो, मशीनला वाटतं गॅस गरम आहे आणि हीटर मंदावतो. प्रोबवर परावर्तक कव्हर लावा. इन्क्युबेटर गरम असेल तर प्रोब भिंतीबाहेर ठेवा आणि आत विनाहीटरचा जोडतुकडा वापरा. बाळाजवळच्या कनेक्टरमध्ये हलकं दव दिसलं पाहिजे. तिथे कोरडं आणि सक्शनमध्ये चिकट स्राव, तर आकडा काहीही असो, वाफ कमी आहे. २.५ मिमीच्या ट्यूबला बंद व्हायला फारसा स्राव लागत नाही.

उलट टोक म्हणजे नळीत साचलेलं पाणी. एसीचा झोत थेट सर्किटवर असेल किंवा हीटर वायरचा प्लग निघाला असेल तर ते होतं. पाणी हललं की फ्लो सेन्सरला तो बाळाचा श्वास वाटतो, मशीन फुकट श्वास देतं आणि कार्बन डायऑक्साइड खाली जातो. अकाली बाळाच्या मेंदूला ते परवडत नाही. म्हणून श्वासांचा रेट अचानक वाढलेला दिसला की सेडेशनचा (गुंगीचं औषध देण्याचा) विचार करण्याआधी नळी बघा. ह्युमिडिफायर बाळापेक्षा खाली ठेवा; साचलेलं पाणी वॉटर ट्रॅपमध्ये काढून फेका, चेंबरमध्ये परत ओतू नका. चेंबरला निर्जंतुक पाणीच, सलाइन नाही. पाण्याच्या बाटलीत टोचलेल्या स्पाइकचं हवेचं छिद्र बंद राहिलं तर चेंबर कोरडा पडतो. पातळी वरच्या रेषेपलीकडे गेली तर फ्लोट (पातळी राखणारा तरंगता भाग) बिघडलाय, चेंबर लगेच बदला.

आता द्रवाचं. एक किलोचं बाळ मिनिटाला ३०० मिली हवा घेतं असं धरू: दिवसाचे ४३२ लिटर. गॅस पूर्ण कोरडा असेल तर ४४ मिलिग्रॅमच्या हिशेबाने सुमारे १९ मिली पाणी आणि त्याच्या बाष्पीभवनात ११ किलोकॅलरी जातात. वाफ नीट असेल तर श्वासातली ही गळती जवळपास शून्य होते. त्यामुळे ‘व्हेंटिलेटरवर आहे, द्रव वाढवा’ हे उफराटं आहे. जादा द्रवाने डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी रक्तवाहिनी) उघडा राहण्याचा आणि फुफ्फुसं भिजण्याचा धोका वाढतो.

२८ आठवड्यांखालच्या बाळाची खरी गळती त्वचेतून. इन्क्युबेटरमधली आर्द्रता पहिल्या आठवड्यात ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि पोर्ट (हात घालायची दारं) उगाच उघडू नका. दर वेळी आर्द्रता कोसळते, ती सावरायला वेळ लागतो. पहिल्या दिवसांत रक्तातलं सोडियम १५० mEq/L च्या वर आणि वजन झपाट्याने उतरतंय, तर पाणी कमी पडतंय. सोडियम चढलंय पण वजन स्थिर, तर फ्लश (लाइन धुवायला सोडलेलं पाणी) आणि आर्टेरियल (धमनीतल्या) लाइनमधून किती सलाइन जातंय ते मोजा. ते चार्टवर बहुधा लिहिलेलंच नसतं.