रिबूट दिलं आणि होस्ट अडकला? बटणाला हात लावण्याआधी हे बघा

प्रॉक्समॉक्सचा होस्ट, म्हणजे एकाच डब्यात अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारा लिनक्स सर्व्हर, रिबूटला टाकला, पिंग गेलं ते परत येईना, की हात आपोआप पॉवरच्या बटणाकडे जातो. जरा थांबा. स्क्रीनवर शेवटची ओळ कोणती आहे ते आधी बघा आणि तिचा फोटो काढा. लॉगमध्ये नंतर सापडेल या भरवशावर राहू नका. शेवटच्या टप्प्यात लॉग लिहिणारी सर्व्हिसच बंद झालेली असते, त्यामुळे नेमक्या हव्या त्या ओळी डिस्कवर पोचतच नाहीत.

मी सांभाळतो ती बरीचशी ऑफिसं मरोळ आणि अंधेरी एमआयडीसीकडची, मी राहतो डोंबिवलीत. रात्री शेवटची लोकल गेल्यावर तिथे कोण जाणार? सर्व्हरला आयपीएमआय किंवा आयड्रॅक (सर्व्हर लांबून सांभाळायची सोय) असेल तर कन्सोल, म्हणजे त्याची स्क्रीन, घरूनच दिसतो. नसेल तर वॉचमन मामांना फोन. ‘मामा, वाचून दाखवू नका, स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा.’

आता ती ओळ वाचायची.

‘अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर...’ असं दिसत असेल आणि पुढे सेकंद मोजले जात असतील, तर मशीन मेलेलं नाही, कोणाची तरी वाट बघतंय. सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सर्वसाधारणपणे एका सर्व्हिसला ९० सेकंद देतं. व्हीएमसाठी प्रॉक्समॉक्सची डीफॉल्ट मुदत १८० सेकंद आहे. इथे नेहमीचा गुन्हेगार म्हणजे टॅलीची विंडोज व्हीएम: सेटिंगमध्ये गेस्ट एजंट ‘ऑन’, पण आत विंडोजमध्ये एजंट टाकलेलाच नाही. होस्ट एजंटला बंद हो म्हणून सांगतो, तिकडे ऐकायला कोणी नाही, मुदत संपेपर्यंत सगळे ताटकळतात. एजंट टाका, नाहीतर ते सेटिंग बंद करा. विषय संपला.

खरी डोकेदुखी एनएफएसची, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून जोडून घ्यायच्या पद्धतीची. छोट्या ऑफिसात पैसे वाचवायला नॅसचीही (नेटवर्कवर फाइली ठेवायच्या स्टोरेजची) व्हीएमच करतात, तीही त्याच होस्टवर, आणि होस्ट तिचाच शेअर (फोल्डर) बॅकअपसाठी माउंट करतो, म्हणजे स्वतःला जोडून घेतो. रिबूट दिलं की आधी व्हीएम बंद होतात, त्यांत नॅसही गेला. मग होस्ट शेअर अनमाउंट करायला जातो, तर पलीकडे उत्तर द्यायला कोणी नाही. माउंट ‘हार्ड’ असतो, म्हणजे तो उत्तर येईपर्यंत वाट बघतच राहतो. व्हीएमचा स्टार्टअप क्रम बदलून हे सुटत नाही, कारण नॅस सगळ्यांत शेवटी बंद केला तरी माउंट त्याच्यानंतरच सुटतो. ‘सॉफ्ट’, म्हणजे काही वेळाने नाद सोडणारा, माउंट करा असा सल्ला बरेच जण देतात. मी देत नाही. लिहिताना नेटवर्क गेलं तर अर्धवट बॅकअप हातात येतो.

मी क्रमच उलटा करतो. बाकीच्या व्हीएम बंद. मग डेटासेंटरच्या स्टोरेज यादीत तो शेअर डिसेबल. हे विसरलात तर तुम्ही अनमाउंट कराल आणि प्रॉक्समॉक्सची स्टेटस सर्व्हिस काही सेकंदांत पुन्हा माउंट करून ठेवेल. मग अनमाउंट, मग नॅस बंद, मग रिबूट. कायमचा उपाय म्हणजे नॅस वेगळ्या डब्यात ठेवणं, पण ते बजेट मालक मंजूर करेपर्यंत हेच.

‘वॉचडॉग डिड नॉट स्टॉप’ दिसलं तर तिकडे दुर्लक्ष करा, ती ओळ धडधाकट मशीनवरही येते. पण ‘रीबूट: रीस्टार्टिंग सिस्टम’वर गाडी थांबली असेल तर लिनक्सचं काम संपलंय, पुढे बायोसने (मदरबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरने) हात वर केलेत. आधी बायोस अपडेट करा. तरी जमलं नाही तर कर्नलच्या ओळीत (लिनक्स सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या ओळीत) ‘रीबूट=पीसीआय’ घालून बघा, नाहीतर ‘रीबूट=ईएफआय’. मशीन सुरू करून देणारा बूटलोडर ग्रब असेल तर बदलानंतर अपडेट-ग्रब चालवा; सिस्टमडी-बूट असेल तर प्रॉक्समॉक्स-बूट-टूलने रिफ्रेश करा. ग्राफिक्स कार्ड एखाद्या व्हीएमला पासथ्रू, म्हणजे थेट वापरायला, दिलं असेल तर ती व्हीएम सुरू न करता एकदा रिबूट करून बघा, संशय लगेच फिटतो.

स्क्रीन काळी आणि पंखे जोरात? बऱ्याचदा ते हँग नसतंच. भरपूर रॅमचा सर्व्हर मेमरी तपासायला काही मिनिटं सहज घेतो. चहा घेऊन या.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर बटणाआधी कीबोर्डवर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक प्रिंटस्क्रीनचंच बटण) धरून एस, यू, बी, प्रत्येकी काही सेकंद सोडून. पहिल्याने डेटा डिस्कवर जातो, दुसऱ्याने फाइलसिस्टम रीड-ओन्ली होते, तिसऱ्याने मशीन रिबूट होतं. त्यालाही दाद दिली नाही तर मग खुशाल बटण.

होस्ट वर आला की आधी झेडपूल स्टेटस (झेडएफएस डिस्कांची तब्येत सांगणारी कमांड) बघा, टॅलीचा डेटा स्वतः उघडून तपासा, मगच लोकांना आत सोडा. तोवर अकाउंट्समधून फोन येईलच; दहा मिनिटं थांबा म्हणून सांगायचं.