ज्येष्ठांना चालते करायचे असेल तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत; मात्र हा आकडा पहिल्याच दिवशी वडिलांपुढे ठेवू नये.

आधी त्यांना काय अडवते ते विचारावे. बहुतेकदा आळस नसतो, पडण्याची भीती असते. मग ‘रोज चालत जा’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘सकाळचा चहा झाला की बूट घालून कचराळी तलावाला एक फेरी’ असे ठरवावे, कारण नवी सवय जुन्या सवयीला जोडली की आठवण करून द्यावी लागत नाही. बूट आदल्या रात्रीच दाराशी, बसून घालता येतील अशा खुर्चीजवळ ठेवावेत. फेरी झाल्यावर दिनदर्शिकेवर खूण त्यांनीच करावी. सोबतीला शेजारचे काका असल्यास उत्तम. मुलांच्या उपदेशापेक्षा समवयस्काची हाक अधिक चालते.

पावसाळ्यात घरातच ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठावे. हृदयविकार असल्यास किंवा चक्कर येत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. खाडा पडला तर टोमणा न मारता दुसऱ्या दिवशी निम्मी फेरी सुचवावी.