डिझेल सेन्सर बसवताना टाकीचा तक्ता नीट भरा

जालना-लातूर पट्ट्यात ट्रकवर जीपीएससोबत डिझेल सेन्सर बसवला, की तक्रार ठरलेली: "चोरी नाही, तरी डिझेल कमी दाखवतंय." बहुतेक वेळा दोष सेन्सरचा नसतो, कॅलिब्रेशनचा, म्हणजे सेन्सरचा आकडा आणि टाकीतले लिटर यांच्या जुळणीचा असतो.

सेन्सर टाकीच्या लांबी-रुंदीच्या मधोमध घ्या. कडेला बसवला तर मांजरसुंब्याच्या घाटात डिझेल एका बाजूला सरकतं आणि आकडा उगाच वरखाली होतो. भोक पाडण्याआधी टाकी रिकामी करून आतली वाफ पूर्ण काढा. यात घाई जिवावर बेतते. सेन्सरची कपॅसिटिव्ह दांडी (टाकीत उभी राहून डिझेलची पातळी मोजणारा भाग) कापताना तळापासून साधारण 20 मिमी जागा सोडा. तळाशी साचलेलं पाणी दांडीला टेकलं की रीडिंग बिघडतं. कापल्यावर रिकामं आणि भरलेलं ही दोन्ही मापं सेन्सरमध्ये नव्याने सेट करायलाच हवीत. हीच पायरी सर्रास राहून जाते.

मग गाडी सपाट जागी लावा. रिकाम्या टाकीत 20-20 लिटर मोजून ओता, दर वेळी आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, लिहून घ्या. 300 लिटरला 15 टप्पे होतात. टाकीच्या कडा गोल असतील तर तळाशी आणि वरच्या भागात 10-10 लिटरच घाला, कारण तिथे उंची आणि लिटरचं प्रमाण बदलतं. हा तक्ता ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये भरा. शेजारच्या गाडीचा तक्ता उचलू नका, टाकी सारखी दिसली तरी.

सेन्सरचे आकडे जीपीएस यंत्राकडे नेणाऱ्या आरएस-485 जोडणीच्या ए आणि बी वायरी उलट जोडल्या तर रीडिंगच येत नाही. सेन्सर बदलण्याआधी एवढं तपासा.